अळवाच्या खाचरातलं गाणं

बहरीनच्या मीना सलमान बंदरातल्या त्या वर्कशॉपमध्ये मी नुकतीच रुजू झाले होते, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी आमचे मॅनेजरसाहेब मिठाईचा खोका घेऊन आले आणि लेथवरच्या माणसापासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांच्या हातावर एकेक पेढा ठेवत फिरले. लोक खात होते, 'मबरूक साहेब' म्हणून अभिनंदन करत होते. मला वाटलं, नातवंड झालं असणार. म्हणून ते माझ्या टेबलाशी आल्यावर मी विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"म्हातारी," साहेब म्हणाले.

"कुठली म्हातारी?" मी विचारलं.

"तिकडे हवाई बेटांवर एक म्हातारी हाय, बाय. जन्मभर आपल्या आजीची गाणी गायली. काल तिला देशाचा मान मिळाला. व्हीलचेअरवर बसून घेतलान तिने. खा पेढा."

मी खाल्ला. हवाई बेटं नकाशात नक्की कुठे येतात हेसुद्धा मला तेव्हा सांगता आलं नसतं. पण पुढे अशा बऱ्याच म्हातारे-म्हाताऱ्यांचे पेढे मी खाल्ले. तिकडच्या कुणा जुन्या गाणाऱ्याचा, वाजवणाऱ्याचा कुठे गौरव झाल्याचं साहेबांना मोबाईलवर दिसलं, की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे खोका यायचाच. फिटर लोकांनी त्याचं कारण विचारणं केव्हाच सोडून दिलं होतं.

साहेब दापोलीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे, कोकणी मुसलमान. बोटींवरच्या कोल्ड स्टोरेजची यंत्रं दुरुस्त करणारं ते वर्कशॉप त्यांनी जवळजवळ आपल्या हाताने उभं केलं होतं. कामाला अतिशय कडक. कंप्रेसर घाईत जोडून दिलेला त्यांना आवाजावरून कळायचा. "याच्या पोटात दुखतंय. खोल," एवढंच म्हणायचे आणि निघून जायचे. ऑफिसात ते साहेब, बुसैतीनला, त्यांच्या राहत्या घरी मात्र मी त्यांना चाचा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला चाची. हे घरचं नातं झालं ते त्यांच्या हवाईमुळे.

हवाई म्हणजे हवाई गिटार. तिला नुसतं गिटार म्हटलेलं त्यांना खपत नसे. मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवत न्यायची. रेडिओवर पूर्वी सिनेमाच्या गाण्यांच्या नुसत्या धुना लागायच्या, त्यात एक सूर घसरत घसरत जाऊन दुसऱ्याला भेटायचा, तो हिचा. चाचांची कांडी एका भंगारात निघालेल्या पंपाच्या शाफ्टमधून कापलेली होती. स्वतः लेथवर उभं राहून त्यांनी ती कातली होती. ती कायम पँटच्या खिशात. मुंबईच्या विमानतळावर एकदा सिक्युरिटीने ती काढून घेतली आणि हे काय म्हणून विचारलं. गिटार तर सामानात गेलेली. चाचांनी तिथेच उभं राहून डावा हात हवेत सरकवत तोंडाने एक लांबलचक सूर काढून दाखवला. मागे रांग खोळंबली होती. शेवटी त्या पोराने कांडी परत दिली आणि "अंकल, जाइए" म्हणाला.

घराच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या वर, जिथे लोक आपल्या वडीलधाऱ्यांचे फोटो लावतात, तिथे जुन्या हवाईयन कलावंतांचे फोटो होते. गळ्यात फुलांचे हार, अंगावर फुलाफुलांचे शर्ट, रुंद चेहऱ्याची हसरी माणसं. गावाहून आलेले पाहुणे बिचकत विचारायचे, हे कोण? चाची चहाचा ट्रे ठेवता ठेवता सांगायची, "माझे सासरे नव्हेत. यांचे हायत."

चाचा त्यांच्याबद्दल बोलायला लागले की थांबायचे नाहीत. तिकडे तारा सैल करून वाजवायची एक रीत आहे आणि एकेका घराची जुळणी वेगळी. घरातली जुळणी बाहेरच्याला सांगत नसत. परका माणूस आला की तारा ढिल्या करून ठेवायचे, म्हणजे त्याला पत्ता लागू नये. पुढे त्यांची भाषा शाळांतून बंद झाली. पोरं घरी बोलेनाशी झाली. "पण गाण्यात राहिली गो भाषा. आजीला ज्या शब्दाचा अर्थ येत नव्हता, तोसुद्धा गाण्यात बसून राहिला. म्हणून मी पेढे वाटतो. लोकांना वाटतं, म्हातारा खुळा हाय."

आणि मग हमखास गावच्या एका मृदुंगवाल्याची आठवण निघायची. नमनाच्या खेळात मृदुंग वाजवणारा तो म्हातारा, शिमग्यात त्याच्या मागे सगळं गाव फिरायचं. त्याला कुणी साधी शाल दिली नाही. तो गेल्यावर शाळेच्या एका खोलीला त्याचं नाव दिलं. "पाटी लागली, आणि वाचायला तो नाय," चाचा म्हणायचे. "मान द्यायचा तर माणसाला ऐकू येतंय, दिसतंय, तोवर द्यावा."

कुणी सिनेमाचं गाणं वाजवायला सांगितलं की ते हात वर करायचे. "मफी." म्हणजे अरबीत 'नाही'. शिकायला आलेल्यांनाही मफी. हौशी पोरं, रिटायर झालेले बँकवाले, एकदा तर एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं. ते का, हे कुणाला कळलं नव्हतं.

ते बाहेर वाजवत ते फक्त शोकसभेला. आपल्यापैकी कुणाचं इथे निधन झालं, किंवा गावी कुणाचे आईवडील गेले आणि जाता आलं नाही, की लोक कुठेतरी हॉलमध्ये नाहीतर घरी जमायचे आणि चाचा एकच धून वाजवायचे. ती धून मी कशी सांगू? फार सावकाश होती. सूर खाली जाता जाता मध्येच अडकायचा, पुन्हा वर यायला बघायचा आणि परत खाली जायचा. कुणीतरी पाण्यातून हात वर करतंय असं वाटायचं.

माझी आई तिकडे कराडला वारली तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी दिलेला होता. मी वेळेत पोचू शकत नव्हते. भावाने फोनवर सगळं दाखवलं, ते बघून मी दगडासारखी बसून राहिले होते. संध्याकाळी चाचा-चाची आले. चाचीने स्वयंपाकघरात जाऊन माझ्या मुलीला जेवायला वाढलं. चाचांनी गिटार मांडीवर घेतली आणि ती धून वाजवली. मला तेव्हा रडू आलं. त्याआधी येत नव्हतं. त्या माणसाचे माझ्यावर हे उपकार आहेत, आणि ती धून माझ्यासाठी आईची धून होऊन गेली होती.

आमच्या मराठी मंडळाने वर्धापनदिनाला चाचांचा सत्कार करायचं ठरवलं, तेव्हा सेक्रेटरींना घेऊन मीच त्यांच्या केबिनमध्ये गेले. सेक्रेटरी उत्साही गृहस्थ. त्यांनी सन्मानपत्राचा मजकूरही आणला होता. 'ज्येष्ठ लोककलावंत' असं वर मोठ्या अक्षरांत.

चाचांनी तो वाचला आणि परत त्यांच्यापुढे सरकवला. "कुठल्या लोकांचा कलावंत?"

"म्हणजे... आपल्याच, साहेब."

"हे संगीत आपलं नाय. आणि ज्यांचं हाय, त्यांच्यातला एक माणूस मी जन्मात बघितला नाय. मी दुसऱ्याच्या घरातली भांडी वाजवतोय. त्यांच्यापैकी कुणी ऐकून बरं म्हटलं, तर तुमची शाल घेईन. खलास."

सेक्रेटरी खाली उतरताना मला म्हणाले, "आता बहरीनमध्ये हवाईचा माणूस कुठून आणायचा? सरळ नको म्हणायचं होतं."

मलाही तसंच वाटलं होतं. पण त्या शुक्रवारी चाचीने मला भाजी निवडता निवडता खरं सांगितलं. "नको म्हणत नाय गो तो. भितो. चाळीस वर्षं वाजवतोय, आणि बरोबर वाजवतोय की चूक, सांगणारा कुणी नाय. शिकवत का नाय कुणाला? तेवढ्याचसाठी. आपली चूक दुसऱ्याच्या हातात जाईल म्हणून."

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या मुलीच्या शाळेत पालकांची भेट होती. तिला पोहायला शिकवणाऱ्या नव्या टीचर आल्या होत्या, मिस नोए. उंच, तिशीतली, केस अजून ओले. बोलता बोलता मी विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या? त्या म्हणाल्या, "हवाई. म्हणजे जन्म तिथला. वाढले दुसरीकडेच."

मी खुर्चीवरून जवळजवळ उठलेच. मुलगी माझा हात ओढत कुजबुजली, "मम्मा, प्लीज, डोन्ट." पण मी सगळं सांगून टाकलं. मिस नोए ऐकून हसल्या. मग म्हणाल्या, "मला यातलं काही येत नाही हो. पण माझी आई सध्या माझ्याकडे आलीय. तिचे वडील स्टील गिटार वाजवायचे. ती त्यांच्याबरोबर गायची. इथे घरात बसून कंटाळलीय बिचारी."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी चाचांना ही बातमी दिली. मला वाटलं होतं, पेढे येतील. ते खिडकीतून क्रेनकडे बघत राहिले. मग "गावी जाऊन यावं म्हणतो" असं काहीतरी पुटपुटले. त्यानंतर ते ऑफिसात आलेच नाहीत. चाचीला फोन केला तर म्हणाली, "ताप हाय म्हणतो. थर्मामीटर लावू देत नाय. रात्रंदिवस ती एकच धून घासतोय. तू शुक्रवारी त्या बायांना जेवायला घेऊन ये. मी बघते याच्याकडे."

शुक्रवारी नमाज झाल्यावर मी दोघींना घेऊन बुसैतीनला गेले. आई ठेंगणी, गोल, पांढऱ्या केसांत एक फूल खोचलेली. तिचं नाव मला नीट उच्चारता येईना, तेव्हा तीच म्हणाली, "आंटी म्हण. आमच्याकडे मोठ्या बाईला सगळे आंटीच म्हणतात." तिने जन्मभर एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं होतं आणि रविवारी चर्चमध्ये, लग्नाकार्यात गायली होती.

चाचांनी नवा शर्ट घातला होता. हॉलमध्ये आल्याबरोबर आंटी भिंतीवरच्या फोटोंपुढे उभी राहिली. एका जाड्या, टोपीवाल्या माणसावर बोट ठेवून म्हणाली, "हा! हा आमच्याकडे यायचा. माझ्या बाबांचा दोस्त. सगळे मासे एकटा खायचा आणि पत्त्यात हरला की रुसायचा."

चाचा ज्या माणसाचा फोटो रोज पुसायचे, त्याच्याबद्दल हे! त्यांचं तोंड उघडंच राहिलं. चाचीने मला कोपराने ढोसलं.

आधी जेवण असं ठरलं होतं. तांदळाची भाकरी, कोळंबीचं कालवण, सांदण. पण चाचांच्या घशाखाली काही उतरणार नव्हतं. त्यांनीच म्हटलं, आधी वाजवतो. गिटार मांडीवर घेतली, कांडी हातात धरली. मग त्यांनी डोळे मिटले आणि तीच धून सुरू केली, शोकसभेची, माझ्या आईची.

सुरुवातीला आंटी मान तिरकी करून ऐकत होती. मग तिने लेकीकडे पाहिलं. मग तोंडावर हात धरला आणि तिचे खांदे हलायला लागले. माझेही डोळे भरून आले होते. म्हटलं, हिलाही रडू फुटलं. मिस नोए सोफ्याच्या कडेवर बसून कावरीबावरी झाली होती.

चाचांनी डोळे उघडले आणि ते थांबले. आंटी हसत होती. आवाज दाबून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढत हसत होती.

चाचांचा चेहरा असा झाला की तो मला बघवेना. ते अगदी हळू इंग्रजीत म्हणाले, "सगळं चुकलं का?"

आंटीने डोळे पुसले. "कोण मेलं?" तिने विचारलं.

"काय?"

"कोण मेलंय म्हणून इतकं सावकाश? हे गाणं काय आहे माहीत आहे तुम्हाला?"

चाचांनी नकारार्थी मान हलवली. शब्दांचा अर्थ त्यांना कधी कळलाच नव्हता. इंटरनेटवर शोधायचं तर नाव माहीत नाही. आंटी म्हणाली, ते इंटरनेटवर सापडणारही नाही, ते आमच्या खोऱ्यातलं आहे, लग्नात नवऱ्या मुलाला चिडवायला म्हणतात. आणि तिने गाणं सांगितलं. एक तरुण पांढरीशुभ्र विजार घालून मुलगी बघायला निघतो. बांधावरून ऐटीत चालतो. शेजाऱ्याचा कुत्रा मागे लागतो. तो पळतो आणि धपकन अळवाच्या खाचरात. वर येतो, पुन्हा घसरतो. वर येतो, पुन्हा घसरतो. शेवटी मुलीचा बाप येऊन त्याला बाहेर काढतो आणि म्हणतो, जावईबापू, आत उतरलाच आहात तर तण काढूनच वर या.

मी हे मराठीत चाचीला सांगितलं. अळवाच्या खाचराशी आले तेव्हा चाची हसायला लागली, तण काढण्याशी पोचेपर्यंत ती जमिनीवर बसली होती. "मयताला!" ती म्हणत होती. "सगळ्यांच्या मयताला हा लग्नातलं वाजवीत होता!"

चाचा हसले नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलं, "पण सूर?"

आंटी गंभीर झाली. पुढे सरकून तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "सूर एकही चुकलेला नाही. तो पोरगा घसरतो ना, तिथे माझे बाबा जसा सूर ओढायचे, तसाच तुम्ही ओढता. अगदी तसाच. फक्त तुम्ही त्या पोराला बुडवून मारलंत." मग तिने गिटारीकडे बोट केलं. "आणि तुमच्या तारा इतक्या खाली का उतरवल्यात?"

"कॅसेटवर तशाच होत्या."

"कुठली कॅसेट?"

चाचा सांगायला लागले. रत्नागिरीत त्यांना शिकवणारे एक मास्तर होते, बँकेत कारकून. बोटीवरच्या कुणा खलाशाने त्यांना ही कॅसेट दिली होती. वर नाव नाही, गाव नाही. गाणाऱ्याचा आवाज इतका जड, इतका रडवेला, की मास्तर म्हणाले, कुणीतरी मेल्याचं गाणं असणार. त्यांच्या खोलीत वीज नव्हती. टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा. सेल महाग, म्हणून मास्तर जुनेच सेल उन्हात तापवून...

इथे चाचा थांबले. कांडी त्यांच्या हातातून सुटून लादीवर खणकन पडली.

"सेल!" ते मराठीतच ओरडले. "सेल उतरलेले होते गो! टेप हळू चालत होती!"

आणि मग ते हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. खोकला लागेपर्यंत हसले, थांबले, आंटीकडे बघून पुन्हा हसले. त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी मोठं ओझं उतरल्याचं आम्हाला नुसतं बघून कळत होतं. ताप कुठच्या कुठे गेला. आंटीने टाळ्या वाजवत लय धरली, त्यांनी तारा वर चढवल्या आणि ते गाणं पहिल्यांदा त्याच्या पायांवर धावलं. कुत्रा भुंकला, विजार मळली, बाप आला, सगळं ऐकू आलं.

जेवताना मी आंटीला माझ्या आईचं सांगितलं. खरं तर मला आत कुठेतरी भीती वाटत होती की आता ती धून माझ्या हातून गेली. आंटी भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "माझे बाबा गेले तेव्हा आम्ही हेच म्हटलं होतं. भरभर. त्यांनी सांगूनच ठेवलं होतं." मग कालवण वाढून घेत म्हणाली, "पण यांचं सावकाशसुद्धा मला आवडलं. पोरगा घरी यायचा राहिला असं वाटलं. तसंही होतंच की."

माझी आई असती तर पदर तोंडाला लावून हसली असती, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. तिला बघायला आलेले माझे वडील शेणात घसरले होते आणि ती गोष्ट आई आम्हाला दर दिवाळीत सांगायची. मला एकदम मोकळं वाटलं. मी आणखी एक सांदण घेतलं.

वर्धापनदिनाचा कार्यक्रम सीफमधल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये झाला. चाचांनी शाल घ्यायचं कबूल केलं, पण आंटीही मंचावर बसेल या बोलीवर. सेक्रेटरी काळजीत होते. लोकांना काय कळणार, मध्ये एखादं नाट्यगीत टाकू का, असं मला विचारत होते. सन्मानपत्रातला 'लोककलावंत' हा शब्द चाचांनी आदल्या दिवशीच बदलून घेतला होता. तिथे आता 'हवाईयन संगीताचे बहरीनमधले शेजारी' असं होतं, आणि वाचणाऱ्याची जीभ तिथे अडखळली.

चाचांनी माईक हातात घेतला. "मी हे गाणं तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी वाजवलंय," ते म्हणाले. पुढच्या रांगेतल्या एका वहिनींनी रुमाल काढला. त्यांचे मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले होते. "तेव्हा मला त्याचा अर्थ माहीत नव्हता. आज या आंटी सांगतील. रागावू नका."

आंटीने सांगितलं, मी मराठी केलं. सुरुवातीला कुणाला हसावं की नाही ते कळेना. लोक वहिनींकडे बघत होते. अळवाच्या खाचराशी वहिनींच्याच तोंडून हसू फुटलं, खूप मोठ्यांदा, आणि मग सगळा हॉल हसला. धून सुरू झाली तशी मागच्या रांगांतले चिपळूणकडचे काही ड्रायव्हर उभे राहून ताल द्यायला लागले. कार्यक्रमानंतर वहिनी चाचांपाशी आल्या. चाचांनी हात जोडले. वहिनी म्हणाल्या, "आमच्या यांना कळलं असतं तर त्यांनी तुम्हाला दोनदा वाजवायला लावलं असतं."

आंटीलाही शाल आणि नारळ दिला होता. तिने नारळ कानाशी नेऊन हलवला, पाण्याचा आवाज ऐकला आणि "चांगला आहे" असं सेक्रेटरींना सांगितलं. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर त्या संध्याकाळी पहिल्यांदा हसू आलं.

पुढच्या आठवड्यात आंटी घरी परतली. आणि मग एके दिवशी मिस नोएचा मला फोन आला. बराच वेळ मुलीच्या पोहण्याबद्दल बोलून झाल्यावर ती म्हणाली, "तुमचे ते चाचा मला शिकवतील का?"

"तुम्हाला?" मी विचारलं. ती म्हणाली, "लहानपणी आई शिकवायला बघायची. मला लाज वाटायची. मैत्रिणी हसतील म्हणून. त्या शुक्रवारी चाचांकडे सगळे हसत होते, तण काढा म्हणत होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते गाणं कशाचं आहे हे मीही पहिल्यांदाच ऐकतेय. माझ्या आजोबांचं गाणं."

चाचांना सांगितलं तर ते घाबरलेच. "मी? तिच्याच घरातलं तिला मी शिकवू?" चाची आतून म्हणाली, "मग कोण शिकवणार? ती बाई तिकडे समुद्रापलीकडे. आणि आता तर सेल पण भरलेले हायत."

पहिल्या शिकवणीला मीही गेले होते. फोन उशीला टेकवून उभा केला होता, त्यात आंटी. इथे रात्रीचं जेवण व्हायचं होतं, तिकडे नुकती सकाळ झाली होती. मिस नोएने गिटार मांडीवर घेतली आणि कांडी तारांवर टेकवली. मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज निघाला.

"हलक्या हाताने," चाचा म्हणाले.

"हलक्या हाताने," फोनमधून आंटी म्हणाली.

"एका वेळी एकच टीचर, प्लीज," मिस नोए म्हणाली. पाण्यात दांडगी पोरं सांभाळणारी ती बाई घामाघूम झाली होती. चाचांनी तिचा हात धरला नाही. फक्त सांगत राहिले, दाबू नको, सरकू दे, कांडीचं वजन कांडीलाच पेलू दे. पुन्हा. पुन्हा. चाची दोनदा चहा ठेवून गेली. आणि मग केव्हातरी, तो पोरगा बांधावरून घसरतो ती जागा तिच्या हातून निघाली. मोडकी, थरथरती, पण निघाली.

फोनमधून काहीच आवाज आला नाही. चाचांनी वाट पाहिली. मग फोन उचलून हलवला, कानाला लावला.

"बाय, बघ गो जरा. नेटवर्क गेलं काय?"

मी वाकून पाहिलं. स्क्रीनवर आंटी होती. तिच्या मागच्या खिडकीत एक पडदा वाऱ्याने हलत होता. ती मात्र हलत नव्हती, दोन्ही हात गालांवर ठेवून बसली होती.

"नाही चाचा," मी म्हटलं. "आहेत. ऐकतायत."

चाचांनी फोन पुन्हा उशीला नीट टेकवला आणि मिस नोएकडे वळून म्हणाले, "मग थांबलीस कशाला? वाजव."